जन्माने मिळणारे अमेरिकी नागरिकत्व: आपला आक्षेप नेमका कोणत्या तत्त्वावर?

प्रश्न: दांडिया बाजार, बडोदा (डिसेंबर २०२५)

अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेल्या प्रत्येक मुलाला नागरिकत्व मिळते की नाही, हा मूळ प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबरला सुनावणीसाठी स्वीकारला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, पदग्रहणाच्याच दिवशी काढलेल्या आदेशानुसार, आई बेकायदा राहत असेल किंवा विद्यार्थी, पर्यटक वा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर कायदेशीरपणे राहत असेल, आणि वडील अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक (कायम वास्तव्याचा परवाना असलेले) नसतील, तर तिच्या पोटी जन्मलेल्या मुलाला सरकार नागरिक मानणार नाही. न्यायालयांनी हा आदेश रोखून धरला आहे, म्हणून तो अजून प्रत्यक्षात आलेला नाही.

आपल्याकडच्या कितीतरी मराठी घरांतली मुले-मुली एच-१बी व्हिसावर तिकडे आहेत. माझी पुतणी आणि तिचे यजमान त्यांपैकीच आहेत, आणि त्यांच्याकडे येत्या उन्हाळ्यात बाळ येणार आहे. त्यामुळे घरात हा विषय निघाला की सगळे एकमुखाने या आदेशाला अन्याय म्हणतात. मलाही तो अन्यायच वाटतो, पण तो अन्याय का आहे हे सांगताना मी अडखळतो. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही आरंभी भारतात जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येकाला नागरिकत्व होते. १ जुलै १९८७ पासून आई-वडिलांपैकी एक जण भारतीय असण्याची अट आली आणि ३ डिसेंबर २००४ पासून ती आणखी कडक झाली. आता दोघेही नागरिक असावे लागतात, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. म्हणजे उद्या एखादे परदेशी जोडपे रीतसर व्हिसावर बडोद्यात नोकरीसाठी राहिले आणि त्यांना इथल्याच रुग्णालयात मूल झाले, तर ते मूल भारतीय होत नाही. त्याबद्दल आपल्यापैकी कोणी आवाज उठवल्याचे मला आठवत नाही.

जो नियम आपण स्वतःच्या देशात निमूटपणे स्वीकारला, तोच अमेरिकेने स्वीकारू नये असे आपण कोणत्या अधिकाराने म्हणतो? आपले नातेवाईक तिथे आहेत, हे कारण मला पुरेसे वाटत नाही. ज्यांनी या विषयाचा विचार केला आहे, त्यांनी आपले मत कारणांसह मांडावे, ही विनंती.

उत्तर: रावपुरा येथील एक वकील

आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर भावनेत शोधू नये, हेही मान्य. माझ्या मते दोन्ही देशांतला पहिला फरक हा आहे की नियम कोठे लिहिला आहे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ११ ने नागरिकत्वाविषयी कायदे करण्याचा अधिकार संसदेला दिला, आणि त्याच अधिकारात संसदेने १९५५ चा कायदा केला व पुढे तो बदलला. ते बदल योग्य होते की नव्हते यावर वाद घालता येईल, पण ते करण्याचा अधिकार संसदेला होता आणि तिने चर्चा करून, मतदान घेऊन ते केले. अमेरिकेत मात्र जन्मसिद्ध नागरिकत्व हे १८६८ साली संमत झालेल्या १४ व्या घटनादुरुस्तीचे पहिलेच वाक्य आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेल्या सर्व व्यक्ती तिच्या नागरिक आहेत, असा त्याचा आशय. ते बदलायचे तर काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. एका सहीने ते बदलण्याचा अधिकार तिथल्या कोणत्याही राष्ट्राध्यक्षाला नाही.

हे वाक्य घटनेत आले त्यामागे मोठे दुःख आहे. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टेनी यांनी असा निकाल दिला की आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, मग ते स्वतंत्र का असेनात, अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत जन्मलेल्या लोकांना न्यायालयाने कायमचे परके ठरवले. यादवी युद्धानंतर तो निकाल पुसून टाकण्यासाठी ही दुरुस्ती झाली. यापुढे कोणत्याही सरकारला, कोणत्याही बहुमताला, जन्मलेल्या मुलाकडे पाहून ‘तू आमच्यातला नाहीस’ असे म्हणता येऊ नये, हा तिचा हेतू मला दिसतो, आणि तो मला अत्यंत मोलाचा वाटतो.

ही तरतूद केवळ मुक्त झालेल्या गुलामांपुरती होती, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. तो टिकत नाही. १८६६ मध्ये सिनेटमध्ये या मसुद्यावर चर्चा झाली तेव्हा पेन्सिल्व्हेनियाचे एडगर कोवन यांनी कॅलिफोर्नियातील चिन्यांच्या मुलांचा प्रश्न उघडपणे विचारला होता. त्याला कॅलिफोर्नियाचेच सिनेटर जॉन कॉनेस यांनी, जे स्वतः आयर्लंडमध्ये जन्मले होते, स्पष्ट उत्तर दिले की होय, त्या मुलांनाही नागरिक मानायचे आहे. म्हणजे परदेशी पालकांच्या मुलांचा विचार करूनच हे वाक्य लिहिले गेले.

आता ‘अधिकारक्षेत्राखाली असलेल्या’ या शर्तीविषयी. सरकारचा सगळा भर तिच्यावर आहे. परदेशी वकिलातीतील अधिकाऱ्यावर तिथला कायदा चालत नाही, चढाई करून आलेल्या शत्रुसैन्यावर चालत नाही, आणि त्या काळी आदिवासी जमातींनाही वेगळ्या राष्ट्रांसारखे मानले जाई. म्हणून त्यांची मुले वगळली गेली. आदिवासींना तर १८८४ च्या एल्क विरुद्ध विल्किन्स निकालात नागरिकत्व नाकारण्यात आले आणि ते सरसकट मिळायला १९२४ साल उजाडले; ही त्या इतिहासातली लाजिरवाणी बाजू आहे. परंतु व्हिसावर राहणाऱ्या अभियंत्याने तिथे कर चुकवला तर त्याच्यावर खटला चालतो, आणि कागदपत्रांविना राहणाऱ्या मजुराला तिथलेच न्यायालय हद्दपार करते. ज्याच्यावर राज्याचा कायदा पूर्णपणे चालतो, तो त्या राज्याच्या अधिकारक्षेत्राबाहेर आहे असे म्हणणे मला तर्काला धरून वाटत नाही.

१८९८ मध्ये वाँग किम आर्क यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी हेच सांगितले. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जन्मलेले हे गृहस्थ चीनला जाऊन १८९५ मध्ये परतले, तेव्हा त्यांना नागरिक नाही म्हणून बंदरावरच अडवले. चिनी स्थलांतरितांवर बंदी घालणारा १८८२ चा कायदा तेव्हा अमलात होता, चिन्यांविरुद्धचा द्वेष टोकाला पोहोचला होता, आणि तशा वातावरणात न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी घटनेचे शब्द जसे आहेत तसे वाचले. मला त्या निकालाबद्दल मनापासून आदर आहे.

उत्तर: अलकापुरी, बडोदा

वकीलसाहेबांनी इतिहास फार चांगला मांडला, आणि राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने घटना बदलता येत नाही या त्यांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. परंतु नियम कोणी बदलावा हा एक प्रश्न आणि नियम चांगला आहे का हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नावर माझे मत वेगळे आहे आणि ते मी अनुभवातून बनवले आहे.

मी काही वर्षे टेक्सासमध्ये नोकरी केली. माझा मुलगा तिथे जन्मला आणि दोन वर्षांचा होण्याआधीच आम्ही कायमचे बडोद्याला परतलो. आज तो इथल्या शाळेत शिकतो, गुजराती आणि मराठी सारख्याच सफाईने बोलतो, आणि त्याच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट व भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड आहे. अठरा वर्षांचा झाल्यावर ज्या देशाची त्याला काहीच आठवण नाही, त्या देशात त्याला मतदानाचा अधिकार असेल आणि ज्या शहरात तो वाढला तिथे नसेल. हे त्याच्या बाबतीत बरोबर झाले असे मला वाटत नाही. नागरिकत्व हे जिथे आयुष्य घडते त्या जागेशी जोडलेले असावे, जन्माच्या क्षणी विमान कोणत्या देशात उतरले होते त्याच्याशी नव्हे.

शिवाय वाँग किम आर्क यांच्या निकालात त्यांच्या आई-वडिलांचे अमेरिकेत कायमचे वास्तव्य होते, याचा उल्लेख पुन्हापुन्हा येतो. पर्यटक म्हणून आलेल्या आईचा प्रश्न त्या न्यायालयासमोर नव्हताच. सरकारी पक्षाच्या युक्तिवादातला हा भाग मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. आणि लोकशाही देशांनी हा नियम बदललेला आहे: ब्रिटनने १९८३ पासून, ऑस्ट्रेलियाने १९८६ मध्ये, आणि आयर्लंडने २००४ मध्ये चक्क सार्वमत घेऊन. हे देश त्यामुळे जुलमी झाले असे कोणी म्हणणार नाही. आपल्या समाजात कोणाला सामील करून घ्यायचे हे ठरवणे हाही त्या समाजातील लोकांचा हक्कच आहे. अमेरिकेच्या जनतेने घटनादुरुस्ती करून पालकांच्या काही वर्षांच्या कायदेशीर वास्तव्याची अट घातली, तर मी तिला अन्याय म्हणणार नाही.

प्रश्नकर्त्याकडून: दांडिया बाजार

दोघांचेही आभार. अलकापुरीच्या मित्रांनी मांडलेल्या मुद्द्यावरून एक उपप्रश्न विचारतो. माझी पुतणी तिथे शिकायला गेली, मग नोकरीला लागली, घर घेतले, कर भरते, ग्रीन कार्डासाठी अर्जही मंजूर आहे आणि फक्त रांगेत नंबर येण्याची वाट पाहते आहे. तिचे वास्तव्य तात्पुरते म्हणायचे की कायमचे?

उत्तर: सुरसागर, बडोदा

काका, तुमच्या उपप्रश्नातच या आदेशाचा सर्वांत कच्चा दुवा आहे. अमेरिकेत नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली सात टक्क्यांपेक्षा जास्त मिळू नयेत अशी मर्यादा आहे. लोकसंख्येने प्रचंड असलेल्या भारतालाही तीच मर्यादा आणि आइसलँडलाही तीच. एच-१बी व्हिसाची मुदत एरवी सहा वर्षे, पण ग्रीन कार्डाचा अर्ज मंजूर असेल तर ती पुढे वाढवत नेता येते. त्यामुळे भारतीयांना वर्षानुवर्षे, अनेकदा दशकांपर्यंत, तात्पुरत्या व्हिसावरच राहावे लागते. शेजारच्या घरातले त्याच कंपनीत, त्याच पदावर काम करणारे युरोपीय जोडपे तेवढ्या काळात ग्रीन कार्डधारक झालेले असते. या आदेशाप्रमाणे त्यांचे मूल नागरिक आणि आपल्या पुतणीचे मूल परके. दोन्ही कुटुंबांच्या त्या देशाशी असलेल्या नात्यात काडीचाही फरक नाही, फरक आहे तो आई-वडील कोठे जन्मले एवढाच. म्हणजे जन्मस्थानाचा निकष नको म्हणून जो आदेश काढला, तो जन्मस्थानाचाच निकष एक पिढी मागे नेऊन ठेवतो.

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, म्हणून तिथे गेलेल्या आपल्याच लोकांची एक हकीकत सांगते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंड यांना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये, ते गोरे नाहीत या कारणावरून, नागरिकत्वास अपात्र ठरवले. त्यानंतर ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळाले होते, त्यांचेही काढून घेण्याचे खटले सुरू झाले. कॅलिफोर्नियात १९१३ पासून असा कायदा होता की जे नागरिकत्वास अपात्र, त्यांना शेतजमीन घेता येणार नाही. इंपीरियल व्हॅलीत राबणाऱ्या पंजाबी शेतकऱ्यांची यात पुरती कोंडी झाली. त्यांनी काय केले? तिथेच जन्मलेल्या, आणि म्हणून नागरिक असलेल्या, आपल्या मुलांच्या नावे जमिनी केल्या. जपानी शेतकऱ्यांनीही हाच मार्ग धरला होता, आणि तशीच एक जमीन सरकारने जप्त करायला घेतली तेव्हा १९४८ च्या ओयामा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नागरिक असलेल्या मुलाच्या बाजूने निकाल दिला. बापाला देशाने दार बंद केले होते, पण मुलगा घटनेच्या एका वाक्यावर उभा राहू शकला. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला तो १९४६ मध्ये. मधल्या त्या तेवीस वर्षांत जन्मसिद्ध नागरिकत्वाचा नियम नसता, तर त्या कुटुंबांची दुसरी पिढीही परकीच राहिली असती.

हा नियम सर्व संकटांतून वाचवतो असे मात्र मी म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिकेतच जन्मलेले नागरिक होते. १९४४ च्या कोरेमात्सु निकालात न्यायालयानेही त्यांची पाठराखण केली नाही. कागदावरचा हक्क राखायला न्यायाधीशांची छातीही लागते.

अलकापुरीच्या दादांना माझी एक विनंती आहे की त्यांनी आपल्या मुलाखेरीज आणखी एका मुलाचा विचार करावा. पालकांच्या स्थितीवर नागरिकत्व अवलंबून केले की जन्माचा दाखला पुरेसा राहत नाही. आई कोणत्या व्हिसावर होती, वडील कोण, त्यांची कागदपत्रे खरी का, हे प्रत्येक बाळंतपणानंतर कोणा कारकुनाने तपासायचे. ज्यांच्याकडे कागद नीट ठेवलेले असतात त्यांना हे फारसे जड जात नाही. पण आसाममध्ये काय झाले ते आपण पाहिले आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या तिथल्या नागरिक नोंदणीच्या (एनआरसी) अंतिम यादीतून सुमारे १९ लाख लोक वगळले गेले, आणि आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे कागद जुळवता जुळवता सर्वाधिक हाल झाले ते गरिबांचे, पूरग्रस्तांचे आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांचे. आपण १९८७ आणि २००४ चे बदल निमूटपणे स्वीकारले, असे तुम्ही लिहिले. मला वाटते, तेव्हाच बोलायला हवे होते. १९४७ मध्ये संविधान सभेत या विषयावर चर्चा झाली तेव्हा सरदार पटेलांनी संकुचित नव्हे तर व्यापक नागरिकत्वाची बाजू घेतली होती. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४९ मध्ये नागरिकत्वाचा अनुच्छेद मांडताना सांगितले होते की मसुदा समितीला इतका त्रास दुसऱ्या फार थोड्या अनुच्छेदांनी दिला. ही तरतूद किती लोकांच्या आयुष्यावर बेतते, याची त्यांना पूर्ण कल्पना होती.

उत्तर: अलकापुरी, बडोदा

ताईंचा कागदपत्रांचा मुद्दा वजनदार आहे. माझ्या सूचनेप्रमाणे वास्तव्याची अट घातली तर ती सिद्ध करण्याचा भार आई-वडिलांवर न टाकता सरकारवर टाकावा लागेल, आणि शंका असेल तिथे मूल नागरिकच मानावे लागेल, एवढे मी मान्य करतो. परंतु ग्रीन कार्डाच्या रांगेत झालेला अन्याय रांग दुरुस्त करून दूर करावा, असे मला अजूनही वाटते. सात टक्क्यांची मर्यादा काढणे हे काँग्रेसच्या हातात आहे आणि त्याला साधा कायदा पुरतो. नागरिकत्वाच्या नियमावर त्या रांगेचे ओझे टाकले की दोन्ही प्रश्न अनिर्णित राहतात. बेकायदा वास्तव्यासाठी लोक मुद्दाम मुले जन्माला घालतात, हा तिथला लाडका आरोप मात्र मी कधीच मानला नाही. नागरिक असलेल्या मुलाला आपल्या आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो तो वयाच्या एकविसाव्या वर्षानंतर. इतक्या लांबच्या लाभावर कोणी संसार उभारत नाही.

उत्तर: रावपुरा येथील एक वकील

चर्चा चांगली चालली आहे, म्हणून मला या प्रकरणात सर्वांत अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट शेवटी मांडतो. सिएटलचे न्यायाधीश जॉन कॉफेनोर यांनी आदेश निघाल्यावर तिसऱ्याच दिवशी तो उघड उघड घटनाविरोधी म्हणून थांबवला. त्यांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळातली आहे. पाठोपाठ इतर न्यायालयांनीही तो देशभर रोखला. मग २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी, न्यायमूर्ती एमी बॅरेट यांच्या निकालपत्राद्वारे, असे ठरवले की खालच्या न्यायालयांनी सरसकट देशव्यापी मनाई देऊ नये. ज्यांनी दाद मागितली त्यांना पूर्ण दिलासा मिळेल एवढाच आदेश द्यावा. आदेश घटनेला धरून आहे का, यावर त्या दिवशी न्यायालय काहीच बोलले नाही.

एकाच न्यायाधीशाने साऱ्या देशाचे धोरण थांबवावे का, हा प्रश्न मी समजू शकतो. दोन्ही पक्षांच्या सरकारांनी ती तक्रार केलेली आहे. पण नागरिकत्वासारखा हक्क दाद मागणाऱ्यालाच मिळणार आणि न मागणाऱ्याला मिळणार नाही, असे होऊ लागले तर तो हक्क वकील परवडणाऱ्यांचा होतो. काही दिवसांचे मूल न्यायालयात जाणार तरी कसे? सुदैवाने त्याच निकालाने सामूहिक दाव्याची वाट मोकळी ठेवली होती, आणि १० जुलैला न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी देशभरातील अशा सर्व मुलांचा एक गट मानून आदेश पुन्हा रोखला. आता सर्वोच्च न्यायालयासमोर जे प्रकरण आहे, ते याच दाव्यातून वर आले आहे.

दांडिया बाजारच्या स्नेह्यांना व्यवहारातले एक सांगून ठेवतो. आजच्या स्थितीत आपल्या पुतणीच्या बाळाला जन्माचा दाखला आणि त्यावरून अमेरिकी पासपोर्ट पूर्वीप्रमाणेच मिळू शकतो. निकाल उलट लागला तर आई-वडील भारतीय नागरिक असल्यामुळे बाळाची वंशाने मिळणाऱ्या भारतीय नागरिकत्वासाठी वाणिज्य दूतावासात नोंद करता येते. ती नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत करावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे पालकांना लिहून द्यावे लागते. म्हणून निकाल काय लागतो ते पाहून, पण वर्षाची मुदत लक्षात ठेवूनच, कोणता पासपोर्ट काढायचा ते त्यांनी ठरवावे.